सातरापुऱ्यातलं पाच वाजताचं पाणी

बसा इथे, चिंचेखाली. साडेचार झालेत, अजून वेळ आहे. तुम्ही विचारलंत ना, साऱ्या गावाला सकाळी दहाला पाणी येतं आणि एकट्या सातरापुऱ्यालाच संध्याकाळी पाचला का? बाहेरून आलेला प्रत्येकजण विचारतो. मी पालिकेच्या पाण्याच्या टाकीवर एकतीस वर्षं काढली, व्हॉल्व्ह माझ्याच हातात होता. थोडं डोळ्यांनी पाहिलं, थोडं ऐकलं. दोन्ही सांगतो.

तेव्हा या पुऱ्याभोवती, म्हणजे या वस्तीभोवती, मिरचीचे अकरा सातरे होते. सातरा म्हणजे मोकळं मैदान, त्यावर लाल मिरचीचे ढीग आणि ढिगाभोवती देठ खुडत बसलेल्या बाया. वारा इकडचा असला की मारुतीच्या देवळापर्यंत माणसं शिंकायची. आता दोनच सातरे उरलेत. ती शिंक आठवली तरी बरं वाटतं बघा.

बाया सकाळी सातला जायच्या, पावणेपाचला परतायच्या. नळ यायचा दहाला, पाऊण तास. मग पाणी भरणार कोण? घरातली पोरगी. तिची शाळाही साडेदहाचीच.

अंजिराबाई ढेंगरे अशीच एक सातऱ्यावरची बाई. नवरा छातीच्या दुखण्यानं गेलेला, एकच मुलगी, ममता. पोरगी हुशार. चौथीत पहिली आली होती म्हणे. पण रोज पितळी गुंड, म्हणजे मोठी कळशी, भरून ठेवायचा आणि मग पळत शाळा गाठायची. आधी उशीर, मग दांड्या. पाचवीच्या दिवाळीनंतर शाळेनं तिचं नाव कमी केलं. पोरीनं भीतीनं घरी सांगितलंच नाही. महिनाभर आई कामावर गेली की ती दप्तर कोनाड्यात ठेवून बसून राहायची.

हे कळलं त्या दिवशी अंजिराबाई सातऱ्यावरून उठून थेट पालिकेत आली. हात लालभडक, पदरानं नाक पुसत. तिथल्या कारकून बाबूनं मान वर न करता सांगितलं, "वेळ बदलायची तर ठराव लागते. तुमच्या नगरसेवकाले सांगा."

नगरसेवक पुऱ्यात फिरकायचाच नाही. पण पुढच्याच निवडणुकीत वॉर्ड बायांसाठी राखीव झाला. त्यानं आपल्या बायकोचा फॉर्म भरला. सातऱ्यावरच्या बायांनी अंजिराबाईचा भरला. ती नको नको म्हणत होती. "मले सही करता येते, तेवढंच," म्हणाली. पुऱ्यानं तिला निवडून दिलं.

पहिल्या सभेला ती धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली. तिनं पाण्याची वेळ मागितली. अध्यक्ष हसले. म्हणाले, "बाई, पाणी येऊन राहिलं ना? मग वेळेचं काय घेऊन बसल्या?"

शिपायानं प्रत्येकापुढे पाण्याचा गिलास ठेवला होता. तिनं आपल्या गिलासातलं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं आणि गिलास टेबलावर पालथा घातला.

"माह्या पुऱ्यात पाचला पाणी येईन, तवाच इथलं पाणी पिईन."

पुऱ्यात सांगतात की ती तीन वर्षं पाण्याविना राहिली. तसं नाही, घरी प्यायची. पण सभागृहात थेंबही घेतला नाही. सभा चार-चार तास चालायच्या, वर पत्रे. बाकीचे थट्टा करत. तिचा गिलास पालथाच.

एक दिवस ती टाकीवर आली. "भाऊ, साहेब म्हणते जमत नाही. तुम्ही खरं सांगा, जमते का नाही?"

मी म्हटलं, "जमते. एक वेगळा व्हॉल्व्ह लागते. अन् सांजच्याले एक माणूस."

"माणूस कोण राहीन?"

टाकीवर माणूस मी एकटाच. तेव्हा रोज पाचला आमचं भजन असायचं, मी पेटी वाजवायचो. दिवसभरात माझं स्वतःचं असं तेवढंच होतं. ती तिथंच उभी राहिली. शेवटी मीच म्हटलं, "मी येत जाईन." त्यानंतर पेटीला हात लागला नाही तो नाहीच.

चैत्रातली सभा होती. शिपाई सांगतो ते असं. अंजिराबाई बोलायला उठली आणि भोवळ येऊन खुर्चीत कोसळली. अध्यक्ष स्वतः गिलास घेऊन धावले. तिनं ओठ मिटून घेतले. सभागृहात आणखी चार बाया होत्या, नवरे सांगतील तिथे हात वर करणाऱ्या. त्यांतल्या कौतिकाताई लांजेवारांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आपला गिलास पालथा केला. मग दुसरीनं. मग तिसरीनं, चौथीनं. अध्यक्षांनी हातातला गिलास टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ठराव लिहून घ्या."

व्हॉल्व्ह बसायला पुढचा माघ उजाडला. पहिल्या दिवशी मी पाचला चाक फिरवलं आणि सायकल मारत इथे आलो. बाया सातऱ्यावरून थेट आलेल्या, रिकामे गुंड घेऊन ओळीत उभ्या. नळ वाहत होता आणि कोणी भरत नव्हतं. अंजिराबाई मागून आली, तीही कामावरूनच.

"भरा ना वं! पाणी वाहून राहिलं."

"आधी तू पे," बाया म्हणाल्या.

तिनं तसेच हात नळाखाली धरले आणि ओंजळ तोंडाला लावली. दिवसभराची मिरची त्या हातांना. ओठ पेटले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती रडतेय की तिखट लागलंय, कोणाला कळेना. मग तीच हसायला लागली आणि सारा पुरा हसला. पुढच्या सभेत तिनं दोन गिलास पाणी मागून घेतलं.

ममता मात्र शाळेत परतली नाही. चौदाची झाली होती. "बारक्या पोरींसंग कशी बसू, माय?" म्हणाली. आईसोबत देठ खुडायला लागली, मग पवनी गावी दिली. अंजिराबाईला ते शेवटपर्यंत सलत होतं. पण त्या वर्षापासून पाण्यापायी पुऱ्यातल्या एकाही पोरीचं नाव शाळेतून कमी झालं नाही. पाच वर्षं संपली, वॉर्डाचं आरक्षण बदललं आणि अंजिराबाई दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी सातऱ्यावर जाऊन बसली. मेली तेव्हा तिच्या बोटांचा लाल रंग गेला नव्हता, असं तिला आंघोळ घालणाऱ्या बाया सांगतात.

आजही पहिला गुंड नळाला लागण्याआधी कामावरून आलेली एक बाई न धुतलेल्या हातांनी ओंजळभर पाणी पिते. पुऱ्यातली नवी सून पहिल्यांदा सातऱ्यावर देठ खुडून आली की त्या दिवशी मान तिचा. तिला आधी कोणी काही सांगत नाही. ती पिते, ओठ भाजतात, डोळे भरून येतात आणि ओळीतल्या साऱ्या बाया हसतात. मग कोणीतरी तिला गूळ देतं आणि अंजिराबाईचं नाव सांगतं.