महाराजांची करेक्ट भिंत

"ओळंबा खोटा आहे!" भुजंगराव महाराज गरजले.

ओळंबा म्हणजे गवंड्याच्या दोरीला टांगलेलं वजन. नव्या भोजनशाळेची भिंत बाहेर कललीय, एवढंच ते बिचारं लोंबकळत सांगत होतं. पण भिंतीचा नकाशा खुद्द महाराजांचा! त्यांना नुकताच इंग्रजीचा मास्तर लागला होता. 'करेक्ट' हा शब्द मूळचा लॅटिन, अर्थ 'सरळ केलेलं', एवढं शिकून त्यांची विद्या पुरी झाली होती.

"आम्ही केलं ते सरळ. म्हणजे करेक्ट! हैबती गवंड्या, उद्या दुपारपर्यंत हे सिद्ध कर. विटेला हात लावायचा नाही. नाहीतर बायकापोरांसकट संस्थानाबाहेर!"

दरबाऱ्यांनी लगेच माना तिरक्या केल्या. तसं पाहिलं की भिंत खरंच सरळ दिसत होती. हैबतीला रडू फुटलं. ते पाहून त्याची लेक भिवरा संतापली, पण गोड आवाजात म्हणाली, "म्हाराज, मी करते सिद्ध. उद्या हितंच जेवाया बसा."

दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीशी काटकोन साधून, पुढच्या बाजूला खालून लाकडी पाचरी ठोकून, महाराजांचा पाट आणि चौरंग मांडला. महाराज बसले ते थेट मागं भिंतीवर आदळले. ताट वाढलं. आमटीनं भाताचं आळं फोडलं आणि ती थेट जरीकाठी धोतरावर उतरली.

"चौरंग वाकडा आहे!"

"न्हाई म्हाराज! भिंतीशी अगदी काटकोनात हाय. भिंत करेक्ट, तर चौरंगबी करेक्ट!"

"मग ही आमटी?"

"आमटीला इंग्रजी येत न्हाई, म्हाराज!"



"मग वाकडं आहे तरी काय?"

"ते मी कशाला सांगू? बसून तर आपणच बघितलंय!"

महाराजांनी धोतराकडे पाहिलं, मग पाठीमागं पाहिलं. "भिंत," ते पुटपुटले.

"आता झालं करेक्ट!" भिवरा म्हणाली. "सरळ केलेलं ते करेक्ट ना? मग आधी कुनीतरी वाकडं हाय म्हनाया नको?"

महाराज इतके हसले की उरलेली आमटीही सांडली.

"भिंत पाडा! हैबती म्हणेल तशी बांधा. आणि पोरी, उतरलेल्या विटा तुझ्या. झकास घर बांध, नकाशा आम्ही काढून देतो!"

भिवरानं घाईघाईनं हात जोडले.

"विटाच पुरेत, म्हाराज!"