द्वारकीची ढेप

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची? तर नांदवेळच्या खाडीवर पूल सोडाच, साधा धक्कासुद्धा नव्हता, तेव्हाची! पलीकडून यायचं तर लखू तांडेलाच्या होडीतूनच यायचं, आणि उतरताना गुडघाभर चिखलात पाय घालायचाच. सुटका नाही.

नांदवेळची एक रीत होती. बाहेरचं कुणीही आलं की आधी गूळ-पाणी. तोंडात गुळाचा खडा, वर तांब्याभर पाणी, आणि ते पोटात जाईस्तोवर एक अक्षर विचारायचं नाही. कोण, कुठले, काय काम काढलंत, काही नाही! भांडायला आलेला असला तरी आधी गूळ-पाणी, मग भांडण. निम्मी भांडणं तिथंच विरघळायची, असं म्हणतात.

या लखूची मुलगी द्वारकी. आई लहानपणीच गेली, त्यामुळे घरात बाप आणि लेक, दोघंच. द्वारकीच्या हातात काहीतरी होतं बघा. आजारी वासराच्या पोटावर तिनं हात ठेवला की वासरू उठून उड्याच मारायला लागायचं. होडीत चढताना कुणाचा हात धरला की तिला कळायचं, ह्याला आत कुठं दुखतंय ते. मग लखूनं तिला मुंबईला शिकायला धाडलं, आणि पोरगी चक्क डॉक्टर होऊन आली. त्या काळात! गाव नुसतं नाचलं.

आणि मग ते गलबत आलं.

वादळात भरकटलेलं परमुलखातलं गलबत खाडीच्या तोंडाशी लागलं. त्याचा नाखवा तापानं फणफणलेला. द्वारकीनं त्याला बरं केलं. निघताना तो मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "बाई, आमचं लवंगांचं बेट आहे. हाच ताप तिथं घरोघर आहे आणि डॉक्टर एकही नाही. येता का?"

झालं! द्वारकीच्या डोक्यात ते बेट जे घुसलं, ते काही निघेना. लखू वल्ह्याला तेल लावत बसला होता, तिथं ती जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी जाऊ?"

"आणि इथं कुणाला ताप आला तर? समुद्राकडं तोंड करून तुला हाका मारू?"

"पलीकडच्या गावात वैद्य आहेत की. तिथं कुणीच नाही."

"अगो, पण तिथं तुला 'जेवलीस का' म्हणून विचारणारंही कुणीच नाही!"

लखूनं वल्हं पुसून बाजूला ठेवलं, घरात गेला आणि गुळाची अख्खी ढेप फडक्यात बांधून घेऊन आला.

"घे. दारात कुणी आलं तर हात रिकामा नको तुझा. आणि ऐक, तू परत येईस्तोवर मी गूळ सोडला."

"बाबा! आणि चतुर्थीला मोदक?"

"त्याच उकडीच्या तिखटमिठाच्या निवगऱ्या खाईन. तू जा."

आता बघा हं, आपण विमानात बसायच्या आधीच फोटो टाकून मोकळे होतो, उतरलो की लगेच व्हिडिओ कॉल. इथं यातलं काय होतं? काही नाही! बापाच्या तोंडाची गोडी लेकीच्या परत येण्यावर टांगलेली, आणि मधे सगळा समुद्र.

द्वारकी बेटावर पोहोचली. किनाऱ्याला लवंगांचा वास इतका दाट, की म्हणे माशांनासुद्धा शिंका यायच्या. तिनं दवाखाना मांडला आणि बसली वाट बघत. कुणीच येईना! परकी बाई, परकी भाषा, परकं लुगडं. लोक लांबून बघायचे आणि जायचे. वाऱ्यानं दार वाजलं तरी ती उठून उभी राहायची बिचारी.

शेवटी एक म्हातारा कोळी आला. द्वारकीला काय आनंद! तिनं आधी काय केलं असेल? बरोब्बर. गूळ-पाणी! म्हाताऱ्यानं खडा चघळला, पाणी प्यायला, डोळे मिटले, तिच्या हाताला कपाळ लावलं आणि चालू लागला.

"अहो, थांबा! तपासायचंय अजून!" द्वारकी मराठीतच ओरडली. म्हातारा वळून हसला आणि गेला.

झालं होतं असं, की त्या बेटावर वैद्याच्या घरी औषधाशिवाय काहीच तोंडात घालत नसत. म्हातारा गुळालाच औषध समजला! आणि मजा म्हणजे बराही झाला, असं म्हणतात. मग काय, दुसऱ्या दिवशी दारात ही गर्दी! येतात, गूळ खातात, जातात. द्वारकी नाडी धरायला हात पुढं करते, तर लोक त्या हातालाच नमस्कार करतात. आधी तिला हसू यायचं. मग यायचं बंद झालं, कारण ताप काही हटत नव्हता.

त्यात एक बाळंतीण आली. डोळे तांबारलेले, पाय लटपटणारे. तीही गूळ खाऊन निघाली. द्वारकी धावली तिच्या मागं. थेट तिच्या घरापर्यंत! दारात तिची सासू आडवी उभी.

"औषध दिलंत ना? मग आता काय?"

बेटाच्या भाषेतले द्वारकीला चारच शब्द येत होते. चारही वापरून झाले. म्हातारी हलेना. आत बाळंतीण कण्हत होती, तान्हं रडत होतं. शेवटी द्वारकीच मटकन उंबऱ्यावर बसली. घामानं डबडबलेली, चप्पल कुठं तरी वाटेत गेलेली. म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. आत गेली. नारळाच्या करवंटीतून लवंगेचं पाणी घेऊन आली आणि एकही शब्द न बोलता पुढं केलं.

द्वारकी ते प्यायली, आणि तिला एकदम लख्ख कळलं. अरे! बाहेरून आलेय कोण? मी! पाहुणी कोण? मी! आणि इतके दिवस यजमान होऊन गूळ वाटत बसलेय!

करवंटी रिकामी झाली तशी म्हातारी दारातून बाजूला झाली. ताप उतरेपर्यंत द्वारकी त्या बाळंतिणीजवळून उठली नाही.

त्यानंतर ती दवाखान्यात कधी बसलीच नाही. घरोघर जायची, देतील ते आधी प्यायची, मग नाडी धरायची. तिनं हात ठेवला की ताप असा उतरायचा, जशी खाडीची ओहोटी. मग घरातल्या पोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची, नुसता खाऊ म्हणून. आणि ती ढेप? रोज फोडायची, आणि दुसऱ्या दिवशी ढेप अख्खीच्या अख्खी, असं म्हणतात. पण स्वतः तिनं कधी खडा तोंडात टाकला नाही. बापाशिवाय उतरला नसता तो घशाखाली.

वर्षं गेली. बेटावरचा शेवटचा ताप उतरला, त्या दिवशी तिनं फडकं सोडलं तर आत एकच खडा! तिनं ओळखलं, हा बाबांचा. खडा पदराला बांधला आणि गलबतात बसली. सगळं बेट किनाऱ्यावर रडत होतं.

नांदवेळच्या पलीकडच्या काठावर ती उतरली तेव्हा केस पांढरे झाले होते. होडी तीच. लखूही तोच, फक्त पाठीचा बाक झालेला आणि डोळ्यांत पांढरं साचलेलं. त्याला ओळखच पटली नाही. द्वारकीनंही ओळख दिली नाही, पदराची गाठ मुठीत धरून होडीत बसली. लखूनंही काही विचारलं नाही. रीतच ती! अलीकडं आल्यावर त्यानं कमरेची पिशवी सोडली. स्वतः खात नव्हता, पण आल्यागेल्यासाठी गूळ बाळगून होता.

"घ्या बाय, गूळ-पाणी. लांबनं आलेल्या दिसता."

तिनं खाल्लं. पाणी प्यायली. आता विचारायला हरकत नव्हती.

"कुणाकडं जायचं?"

"लखू तांडेलाकडं. त्यानं गूळ सोडलाय म्हणे. सोडलेला आता धरा, बाबा."

आणि पदराचा खडा तिनं त्याच्या ओठांना लावला. म्हाताऱ्याचे ओठ इतके थरथरले की अर्धा खडा तोंडात गेला आणि अर्धा खाडीत पडला. त्या भरतीला खाडीचं पाणी गोड लागत होतं, असं म्हणतात. गुरं येऊन प्यायली!

लखू काय म्हणाला माहितीये? इतक्या वर्षांनी? गूळ कसाबसा गिळला, आणि म्हणाला,

"जेवलीस का गो?"

आज नांदवेळला पूल आहे, सरकारी दवाखाना आहे. तिथं बाहेरगावचा नवा डॉक्टर आला की पहिल्या दिवशी कुणीही आपलं दुखणं सांगत नाही. पेशंटच गूळ-पाणी घेऊन जातात. मागं एक डॉक्टरीण आली होती, पार ईशान्येकडच्या डोंगरांतली. तिला वाटलं, गूळ तपासायला दिलाय! तिनं तो बाटलीत भरून वर चिठ्ठी लावली. गाव खो खो हसलं. मग एका आजीनं बाटली उघडली, खडा काढून तिच्या हातावर ठेवला, ती खाईपर्यंत समोर बसून राहिली, आणि द्वारकीच्या नावानं गावात प्रत्येक नव्या डॉक्टरला विचारतात तेच विचारलं.

"जेवलीस का गो?"

आणि मग आपला हात नाडी बघायला पुढं केला.