बोंडीचा कापूस

एक होती खार. इवलीशी. शेपटी मात्र झुबकेदार. तिचं नाव बोंडी.

बोंडीची आई राहायची शेवग्यावर. बोंडीचे बाबा राहायचे उंबरावर. आधी सगळे शेवग्यावरच राहायचे. पण आई-बाबांचं पटेना. सकाळी भांडण, दुपारी भांडण. भांडून भांडून दोघं दमले. मग बाबांनी उंबरावर वेगळं घरटं केलं. आणि असं ठरलं, की बाजाराच्या दिवशी बोंडीने बाबांकडे जायचं.

आज पहिलाच बाजार होता.

बोंडीकडे एक कापसाचा बोळा होता. मऊ मऊ. त्यात आईच्या शेपटीचे केस होते. बाबांच्या शेपटीचेही होते. बोळ्यात नाक खुपसलं, की बोंडीला झोप लागायची. नाही खुपसलं, तर नाही लागायची.

बोंडीने कापूस तोंडात धरला आणि ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. कुंपणाशी पोचली. तिथे तिला आठवलं, आईला 'येते' म्हणायचं राहिलं! निघताना 'येते' म्हणायचं असतं. न म्हणून कसं चालेल? बोंडी वळली. तिने मोठ्ठं तोंड उघडलं.

"येते गं आई!"

तोंडातला कापूस सुटला. वारा आला, सूंऽऽ. कापूस उडाला. बोरीच्या काट्यांत अडकला.

बोंडी म्हणाली, "बोरीताई, बोरीताई, माझा कापूस दे!"

बोरी म्हणाली, "मी नाही देत! माझ्या काट्यांवर पालाच पाला. शेळी पाला खाईल, तर मी कापूस सोडेन."

बोंडी गेली शेळीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेळीताई, शेळीताई, बोरीचा पाला खा!
बोरी सोडेना,
माझा कापूस मिळेना!"

"बेंऽऽ! मी नाही येत! मला दावं बांधलंय. ठकूमावशी सोडेल, तर मी येईन."

बोंडी गेली ठकूमावशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. मावशी अंगणात बसून शेंगा सोलत होती.

"मावशी, मावशी, शेळीला सोड!
शेळी सुटेना,
बोरी सोडेना,
माझा कापूस मिळेना!"

"मी नाही उठत! मांडीवर मांजर झोपलंय. झोपलेल्या मांजराला उठवतात का कुणी? मांजर हलेल, तर मी उठेन."

आता मांजराशी बोलायचं. बोंडी जरा लांबच उभी राहिली. मांजर ते मांजर.

"मांजरा, मांजरा, मांडीवरून हल!
मावशी उठेना,
शेळी सुटेना,
बोरी सोडेना,
माझा कापूस मिळेना!"

मांजराने एक डोळा उघडला. "घुर्र घुर्र! मी नाही हलत! मावशीची मांडी छान आहे. दुधाचा वास येईल, तर मी हलेन."

बोंडी गेली ओट्यावर. तुरुतुरु, तुरुतुरु. ओट्यावर होती दुधाची किटली. पोट मोठं, झाकण घट्ट.

"किटलीबाई, किटलीबाई, झाकण उघड!
मांजर हलेना,
मावशी उठेना,
शेळी सुटेना,
बोरी सोडेना,
माझा कापूस मिळेना!"

"खण्ण! मी नाही उघडत! माझ्या झाकणाला दोन कान. एक उचलायचा इकडून, एक उचलायचा तिकडून. दोघं मिळून उचलतील, तर मी उघडेन."

बोंडीने इकडचा कान उचलला. इकडून झाकण वर, तिकडून खाली. ती धावत तिकडे गेली. तिकडचा कान उचलला. तिकडून वर, इकडून खाली. खण्ण! पुन्हा इकडे. पुन्हा तिकडे. खण्ण! खण्ण!

कान दोन, बोंडी एक. कसं जमणार?

बोंडी ओट्यावर बसली आणि रडली. चांगली मोठ्याने रडली. मग नाक पुसलं आणि गेली शेवग्यावर.

"आई, आई, किटलीचा कान उचल!
किटली उघडेना,
मांजर हलेना,
मावशी उठेना,
शेळी सुटेना,
बोरी सोडेना,
माझा कापूस मिळेना!"

बोंडीने डोळे घट्ट मिटले. आज सगळे 'नाही' म्हणत होते. आता आईपण म्हणणार, मी नाही येत!

आई म्हणाली, "येते."

एवढंच म्हणाली आणि निघालीसुद्धा.

मग बोंडी गेली उंबरावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाबा, बाबा, किटलीचा दुसरा कान उचला!
किटली उघडेना,
मांजर हलेना,
मावशी उठेना,
शेळी सुटेना,
बोरी सोडेना,
माझा कापूस मिळेना!"

बोंडी हळूच म्हणाली, "तिथे आईपण आहे."

बाबांनी शेपटी खाजवली. मग बाबा म्हणाले, "येतो."

ओट्यावर आई इकडे उभी राहिली. बाबा तिकडे उभे राहिले. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे पाहिलं. बोंडीला वाटलं, आता भांडणार!

कुणी भांडलं नाही. कुणी हसलंही नाही.

बाबा म्हणाले, "धरलं?"

आई म्हणाली, "धरलं."

"एक, दोन, तीन!"

खण्ण्ण्ण! झाकण पडलं. दुधाचा वास सुटला. मांजर ताडकन उठलं. तिन्ही खारी टुण्णकन कुंपणावर.

मावशी उठली. "आई गं, पायाला मुंग्या आल्या!" तिने मांजराला वाटीभर दूध दिलं. मग शेळीचं दावं सोडलं. शेळी आली, बेंऽऽ. बोरीचा पाला खाल्ला, कचकच, कचकच. फांदी हलली. काटा सुटला. कापूस खाली आला, अलगद.

किटली उघडली,
मांजर हललं,
मावशी उठली,
शेळी सुटली,
बोरीने सोडलं,
बोंडीला कापूस मिळाला!

बोंडीने बोळ्यात नाक खुपसलं. आईचा वास होता. बाबांचा वास होता. थोडा बोरीचाही आला होता, पण चालेल.

कुंपणावर आई होती. कुंपणावर बाबा होते. किती दिवसांनी दोघं एका जागी! बोंडीने विचारलं, "आता आपण सगळे शेवग्यावर राहायचं?"

आई म्हणाली, "नाही."

बाबा म्हणाले, "नाही गं."

बोंडीला वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं. आईलाही वाटलं. बाबांनाही वाटलं.

मग बोंडीने विचारलं, "माझ्यामुळे भांडलात का?"

"नाही," आई म्हणाली.

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. "ते आमचं भांडण होतं. तू काही केलं नाहीस."

बोंडीने कापूस कुरवाळला. "मग मी हाक मारली, तर याल?"

"येईन," आई म्हणाली.

"येईन," बाबा म्हणाले.

"दोघंही?"

"दोघंही," दोघं म्हणाले.

ऊन उतरलं. आई शेवग्याकडे निघाली. बाबा आणि बोंडी उंबराकडे निघाले. थोडं गेल्यावर बोंडी थांबली. 'येते' म्हणायचं राहिलं होतं ना! पण आता ती शहाणी झाली होती. तिने आधी कापूस खाली ठेवला. त्यावर पाय ठेवला, घट्ट. मग वळली आणि मोठ्ठं तोंड उघडलं.

"येते गं आई!"

शेवग्यावरून आई म्हणाली, "ये गं बोंडी!"

उंबरावरचं घरटं नवीन होतं. जरा टोचत होतं. बोंडी इकडे वळली, तिकडे वळली. मग तिने कापसात नाक खुपसलं. बाबांनी तिच्यावर शेपटी पांघरली.

किटलीला झाकण लागलं, मांजर मांडीवर बसलं, शेळी खुंट्याला गेली. बोंडी उंबरावर झोपली, आणि ही गोष्टही तिच्या शेजारी झोपली.