बापांनी उचलायचा अडसर

“...आणि ती रीत मोडली, तर काय आभाळ कोसळणार आहे का, बाबा?”

उमेदगिरी गोसावी चुलीत फुंकर घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

विचारणारा सुभानराव. कातळमाळच्या डोंगरी मुलखाचा राजा. राजा म्हणायचं म्हणून म्हणायचं; मूठभर गावं, एक गड, आणि राग मात्र बादशहाचा. लहानपणी याच गोसाव्यानं त्याला तालमीत लोळवून दांडपट्टा शिकवला होता. म्हणून एवढ्या एका झोपडीबाहेर तो पायताण काढायचा.

आज काढलं नव्हतं.

“पायताण,” गोसावी म्हणाला.

सुभानरावानं काढलं. परत आत आला.

“कोसळणार आहे का?”

“आधी काय झालं ते सांग. भांडण मागाहून.”

झालं होतं ते असं. त्या मुलखात राजाला आपल्या एकट्याच्या मर्जीनं स्वारीवर जाता येत नसे. गडाचा मोठा दरवाजा कायम बंद. रोजची ये-जा त्यातल्या छोट्या दिंडीतून, वाकून. दरवाजामागं आडवा सागवानी अडसर, कवेत मावणार नाही एवढा जाड. फौज बाहेर काढायची तर तो उचलावा लागे. आणि उचलायचा कुणी? तर ज्यांची पोरं लढायला जाणार, त्या बापांनी. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नसे.

त्याआधी त्या बापांची सभा बसायची. राजानं उभं राहून कारण सांगायचं. ज्याला पटलं त्यानं अंगावरची घोंगडी खाली टाकून खांदा उघडा करायचा. अडसर पेलेल एवढे खांदे उघडे झाले, तर दार उघडणार. नाही झाले, तर राजानं घरी जाऊन जेवायचं.

त्या दिवशी सकाळी सभा बसली होती. सुभानराव घसा फुटेस्तोवर बोलला. खोऱ्यापलीकडचा दौलतराव आपली कुरणं खातोय, त्याला धडा शिकवायचा, एका दिवसाचं काम आहे...

बोलणं संपलं. एक घोंगडी हलली नाही. एका म्हाताऱ्यानं तर होती ती आणखी गच्च आवळून घेतली.

“थंडी वाजली असेल त्याला,” गोसावी म्हणाला.

“चेष्टा नको, बाबा.”

“कुरणं खातोय म्हणालास. कधीपासनं?”

“आमच्या आजोबांच्या वेळेपासनं.”

“मग आज नवीन काय?”

सुभानराव पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

“बोल की. सभेपुढं तर लई बोललास.”

“परवा लग्नात पंगतीला बसलो होतो. भरल्या पंगतीत दौलतराव ओरडला, अरे, या दिंडीतल्या राजाला जिलबी वाढा. स्वतःच्या घरातनं बाहेर पडायचं तर वाकावं लागतं बिचाऱ्याला.”

गोसाव्याला हसू आलं. त्यानं ते दाबलंही नाही.

“हे सभेत सांगितलंस?”

“हे कसं सांगणार?”

“मग आता काय करणार?”

“अडसर तोडतो. सुताराला बोलावलं, तर त्याच्या पोटात दुखायला लागलं. आजच. म्हणून कुऱ्हाड मीच आणलीय. आज दार मोकळं झालं की उद्या उजाडता फौज बाहेर. पोरं तरणी आहेत, त्यांना लढायचंच आहे. अडतंय ते बापांपाशी. तुम्ही आशीर्वाद दिलात, तर ते गप बसतील. तेवढ्यासाठी आलोय.”

गोसाव्यानं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. उठला.

“चल.”

“आशीर्वाद?”

“तिथंच देतो. घाव कुठं घालणार ते तर बघू दे.”

दोघं दरवाजाकडं निघाले. सुभानरावाच्या खांद्यावर कुऱ्हाड, आणि तोंड काही थांबेना.

“उद्या दौलतरावच चालून आला, तर? तेव्हाही मी सभा बसवू? घोंगड्या कधी पडतात ते बघत राहू?”

दरवाजाच्या कमानीत गारवा होता. दिंडी उघडी होती. गोसाव्यानं ती ओढून घेतली आणि कडी घातली. एका बोटानं.

“लावताना विचारलं कुणाला?”

सुभानरावानं कडीकडं पाहिलं.

“दार लावायचं, तर तुझं बोट पुरतं, राजे. उघडायला पुरत नाही, एवढंच.”

त्यानं कडी काढली, दिंडी पुन्हा ढकलली. बाहेर गवताचा भारा घेऊन एक बाई खोळंबली होती. ती वाकून आत आली, कुऱ्हाडवाल्या राजाकडं पाहिलं, आणि काही न बोलता वर निघून गेली. तिचं ते न बोलणं सुभानरावाला झोंबलं.

त्यानं कुऱ्हाड उचलली.

“इथं घालतो.”

“तिथं नको. तिथं तुझा बाप आहे.”

कुऱ्हाड वरच राहिली.

“काय?”

“हात लावून बघ.”

जन्मापासून तो अडसर सुभानरावानं पाहिला होता. हात कधी लावला नव्हता. राजानं कशाला अडसराला हात लावायचा? त्यानं खालच्या अंगानं पंजा फिरवला. लाकडाला खड्डे होते. एकाला लागून एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आतून तेल लावल्यासारखे गुळगुळीत.

“वाळवी लागलीय.”

“वाळवी नव्हे. खांदे.”

सुभानरावानं हात काढून घेतला. मग पुन्हा लावला.

“हा नुसता उचलून बाजूला टाकायचा नसतो,” गोसावी म्हणाला. “खांद्यावर घेऊन त्या भिंतीला लागून उभं राहायचं. शेवटचा घोडा बाहेर पडेस्तोवर खाली ठेवायचा नाही. तू पहिल्यांदा लढाईला गेलास, ते आठवतं?”

“आठवतं ना. पिवळा फेटा बांधला होता.”

“भिंतीकडं बघितलं होतंस?”

“नाही... समोर बघत होतो.”

“थोरले महाराज तिथं उभे होते. तुझा बाप. राजा होता तरी. पोरगा जाणार म्हणून आला, पागोटं काढलं, खांदा लावला. एका अंगाला कुंभार, दुसऱ्या अंगाला रामोशी. त्यांच्या पुढून तू गेलास. वळून बघशील म्हणून तो मान वाकडी करून उभा होता.”

कमानीत एक पारवा घुमत होता.

“आणि फौज परत यायची तेव्हा?” सुभानरावाचा आवाज आता निराळाच होता.

“तेव्हाही तेच बाप.”

“ज्यांचा पोरगा आला नाही, ते?”

“तेही. दुसऱ्यांच्या पोरांना आत घ्यायचंच असतं ना.”

सुभानरावानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली. बाप उभा राहायचा त्या जागेखाली तो वाकला आणि आपला खांदा त्या खड्ड्यात नेला. बसला. असा बसला की मापानं कोरला असावा. बाकी लाकूड गार होतं, आणि तिथं मात्र कोमट लागलं. की त्याचं त्यालाच तसं वाटलं... किती माणसं या लाकडाखाली उभी राहिली असतील, आणि आपण इतकी वर्षं शेजारच्या दिंडीतून चरफडत ये-जा करत होतो.

पण राजाचा ताठा, तो एवढ्यात कुठला जातोय.

“बसतोय, बाबा. माझाही खांदा आहे. मीच पहिला लावतो. माझं बघून बाकीचे लावतील. मग तर झालं?”

“झालं की. जयवंताला हाक मार.”

“जयवंताला कशाला?”

“ज्याचा पोरगा जाणार, त्याचा खांदा. तुझा पोरगा वयात आलाय. पट्टा तुझ्यापेक्षा बरा फिरवतो. त्याच्या बापाला भर पंगतीत बोलले, त्याचं त्याला नको का काही? हाक मार. घोडा घेऊन ये म्हणावं.”

“तो... तो गादीचा वारस आहे. त्याला मी गडावरच ठेवणार होतो.”

गोसाव्यानं वरच्या अंगाला बोट केलं.

वर तालमीत पोरांची झटापट चालली होती. कुणीतरी आपटलं आणि जयवंत खदखदून हसला. त्याचं हसू कमानीत स्वच्छ ऐकू आलं.

सुभानरावानं तोंड उघडलं.

“जय...”

अर्धंच नाव. पुढचं अक्षर काही केल्या बाहेर पडेना.

तो हळूच खांदा काढून बाजूला झाला. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेका खड्ड्यात बोटं ठेवत गेला. प्रत्येकापाशी थांबत होता. शेवटी तिथंच धुळीत बसला, राजा असून, आणि मान वर करून त्या लाकडाकडं नुसता बघत राहिला. हात जोडावेत की काय करावं, ते त्याला सुचेना.

मग म्हणाला,

“ही रीत घातली कुणी, बाबा?”

“तुझ्या पणजोबानं.”

“राजानं?... स्वतःलाच?... लढाईत पार धुळीला मिळाला असेल, तेव्हा घातली असणार.”

“नाही रे,” गोसावी म्हणाला. “जिंकून आला, त्या दिवशी. किती पोरं परत आली ते मोजून.”