टिटवीच्या पोराला मिळालेलं पीस

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द साधे आहेत, माफ करा. शाळा सातवीतच सुटली.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कड्यावर घारीने पिल्लांसाठी उड्डाण क्लब काढला. टिटवीचं घर नदीच्या वाळूत होतं. पूर येण्याआधी पोराला उडता यावं, म्हणून तिने त्याला तिथे घातलं. क्लबात पिल्लं रांगेत बसत, घार आभाळात गिरक्या घेई आणि पिल्लं टाळ्या वाजवत.

"घारमावशी, आम्ही कधी उडायचं?" टिटवीच्या पोराने विचारलं.

"एवढासा जीव आणि चालला ढगात! पंख मिट, रांग मोडते." सगळे हसले. महिन्याअखेर घारीने प्रत्येकाला आपलं गळलेलं एक पीस बक्षीस दिलं.

आठवड्याने पूर आला. टिटवी वरून ओरडत राहिली, "उड रे, उड!" पोर चोचीत पीस धरून वाळूवर नुसतं धावत राहिलं.

पाणी ओसरल्यावर टिटवीने ते पीस घारीपुढे टाकलं. "हे तरंगलं. माझं पोर बुडालं."

"आमच्या क्लबात आजवर एकही पिल्लू पडलेलं नाही," घार म्हणाली.

"पडू दिलं असतंस, तर उडालं असतं!"

मी आमच्या गावच्या फ्लाइंग क्लबात विमानं पुसतो. मुलं येतात, विमानांभोवतीच्या दोरीबाहेरून बघतात, क्लबने दिलेली टोपी घेऊन जातात. ही गोष्ट लिहिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची मुलं आली. मी दोरी सोडली आणि पहिल्या मुलीला वैमानिकाच्या जागेवर बसवलं.