रातोरात परक्या झालेल्या हौसाची परीक्षा

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, देवाशपथ! मी स्वतः त्या दरबारात हजर होतो. म्हणजे मी नव्हतो, माझ्या खापरपणजोबांचे आजोबा होते. तेही आत नव्हते म्हणा, बाहेर कुणाचं तरी घोडं धरून उभे होते. पण घोड्याने कान टवकारून सगळं ऐकलं, आणि आमच्या घराण्यात घोड्याच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही.

तर अडचण अशी, की बेलसरच्या हौसा सुतारणीला पूल बांधायचा होता आणि राजे रायाजीराव तिला परीक्षेलाच बसू देत नव्हते!

त्या संस्थानात पाण्यावर काहीही बांधायचं तर सनद लागे. पूल असो, बंधारा असो, साधा घाट असो. सनद मिळे परीक्षा देऊन. आणि परीक्षेला बसायचं तर सलग बारा वर्षं संस्थानात राहिलेलं पाहिजे. एक रात्रही बाहेर काढलेली चालायची नाही. का? तर पूर्वी एका परमुलखातल्या गवंड्याने राजांना पूल बांधून दिला, आणि त्यावर राजांचा हत्ती नुसता शिंकला तर पूल खाली! गवंडी तोवर आपल्या गावी जाऊन जेवायलाही बसला होता. तेव्हापासून राजांचा हट्ट एकच. ज्याला रोज त्या पुलावरून जायचंय, त्यानेच तो बांधायचा.

हौसाला रोजच जायचं होतं. पण एका पुरात तांबडी नदीने पात्र बदललं. बेलसर झोपलं तेव्हा नदी गावाच्या पलीकडे होती, उठलं तेव्हा अलीकडे! आणि नदी हीच दोन संस्थानांची सीमा. इकडचे म्हणत, तुम्ही आता तिकडचे. तिकडचे म्हणत, तुम्ही जन्माने इकडचे. पूल बांधायला कुणीच येईना. गावकरी काहिलीत, म्हणजे गूळ करायच्या त्या प्रचंड कढईत बसून, गरगरत नदी ओलांडत. हौसाच्या वहिनीला कळा सुरू झाल्या, तिलाही काहिलीतूनच सुइणीकडे न्यायला निघाले. बाळ मधल्या धारेतच जन्मलं! त्याचं गाव कोणतं लावायचं, हे अजून ठरलेलं नाही.

त्या दिवशी हौसाने पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

"महाराज, मला परीक्षेला बसू द्या."

दिवाण विसाजीपंत नाकातून हसले. "नदीपलीकडची ना तू? परकी! नियमात बसत नाहीस."

"पंत, मी जागची हलले नाही. हलली ती नदी! शिक्षा तिला करा!"

दरबारात खसखस पिकली. राजांच्या मिशा थरथरल्या. त्यांना उलट उत्तराचा भारी राग.

"असं? मग आण नदी परत जुन्या जागी! आणलीस की बस परीक्षेला!"

"आणते की! पण सनदेशिवाय नदीत दगड टाकला तर कोठडी, असा आपलाच हुकूम आहे ना?"

"अर्थात!"

"म्हणजे नदी वळवायला सनद, सनदेला परीक्षा आणि परीक्षेला नदी! महाराज, यापेक्षा आमची काहिल बरी. ती गरगरते, पण काठाला लागते तरी!"

आता तर भालदारही हसू दाबायला लागले. राजे सिंहासनावरून उठलेच.

"जिभेने पूल बांधता येत नाही, पोरी! नियम म्हणजे नियम! नदीपलीकडे जो एक रात्र झोपला, तो परका!"

"सगळ्यांना हाच नियम?"

"सगळ्यांना! दिवाणांना, सेनापतींना, मलासुद्धा! अरे, मी सासुरवाडीला गेलो तरी दिवेलागणीला परत येतो!"

"मग झालं तर," हौसा म्हणाली, "परकी असले तरी मी एकटी नाही. आपण आहात सोबतीला."

"मी? परका?" राजे गरजले.

"महाराज, आपल्या कुलदेवीचं देऊळ कुठे आहे?"

"बेलसरला," राजे म्हणाले. आणि म्हणता म्हणताच त्यांचा आवाज बारीक झाला.

"दर नवरात्रात आपण तिथे घटी बसता. नऊ रात्री देवळातच, घोंगडीवर झोपता. पूर आला त्या सालापासून काहिलीतूनच येता, पंतांचं उपरणं घट्ट धरून. आईच्या दारी जाताना सीमा कोण बघतो? मीही बघितली नसती!"

विसाजीपंत तडफडले. "देवळाची गोष्ट वेगळी! देऊळ आपलंच!"

"देवळाची मागची भिंत आणि आमच्या घराची भिंत एकच आहे, पंत. सीमा काय भिंतीच्या पोटातून जाते? महाराज रात्री घोरतात ते माझ्या बापाला ऐकू येतं, ते परदेशातून का?"

राजांनी मिशी चावली. "आणि मी हट्टाने म्हणालो, की बेलसर परकंच, तर?"

"तर महाराज, आपणही परके. आधी बारा वर्षं सलग इथे राहा, मग आम्हाला नियम सांगा!"

राजे असे हसले, असे हसले, की डोक्यावरचा मंदील घरंगळून पंतांच्या मांडीवर पडला.

"बेलसर आपलं! नदी गेली खड्ड्यात! पोरी, बस परीक्षेला. आणि सनद मिळाली, की पहिला पूल तुझ्याच गावचा, लाकूड आणि चुना आमच्याकडून! यंदा नवरात्रात मी चालत येणार!"

हौसा परीक्षेला बसली आणि साऱ्या संस्थानात पहिली आली.

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकतो. यातलं एकच मी पदरचं घातलंय. हौसा पहिली नाही, दुसरी आली. पहिला आला विसाजीपंतांचा भाचा. पूल मात्र दुसरीने बांधला, आणि त्यावरून हत्ती शिंकत शिंकत गेला.