घुंगुरमाळेचा मानकरी

बैल बोलत होते, तेव्हाची गोष्ट. बांडा आणि कोसा एकाच जुवाखालचे. दुपारी जू सुटलं की बांडा बाभळीखाली बसून निवांत रवंथ करी. कोसा मात्र वैरण गिळून लगेच जुवापाशी जाऊन उभा राही.

"अरे, घटकाभर टेक की! खाल्लेलं अंगी लागू दे," बांडा म्हणे.

"बसतात ते आळशी!" कोसा फुशारकीनं म्हणे. धन्यानं घुंगुरमाळ त्याच्याच गळ्यात घातली होती ना!

ऐन पेरणीत पोट फुगून कोसा शेतातच कोसळला. धनी धाय मोकलून रडला, "असा बैल पुन्हा होणे नाही!" आणि रडता रडताच त्यानं माळ सोडवून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती नव्या खोंडाच्या गळ्यात होती. दुपारी जू सुटलं.

"बस रे बाबा," बांडा कळवळून म्हणाला.

खोंड माळ खुळखुळवत जुवापाशी जाऊन उभा राहिला.